जुन्या घराचं वायरिंग स्वतः कसं तपासायचं, आणि कुठे थांबून वायरमनला बोलवायचं

घर १९७० ते ९० च्या दरम्यान बांधलेलं असेल आणि तेव्हापासून वायरिंगला कुणी नीट हात लावला नसेल तर ते एकदा तपासून घ्याच, मग ते पुण्यातल्या जुन्या सोसायटीतलं असो, गावाकडचं कौलारू असो नाहीतर मुंबईतली चाळीतली खोली असो. तेव्हा वायर टाकताना हिशोब धरलेला असायचा चार-पाच बल्ब, दोन पंखे, रेडिओ, इस्त्री आणि फार तर एक फ्रिज असा. आज त्याच वायरवर २००० वॉटचा गीझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन आणि दीड टनाचा एसी चालतो, आणि यातला प्रत्येक पॉइंट कुणीतरी कधीतरी "इथे एक सॉकेट काढून दे" म्हणून जवळच्या बोर्डातून ओढून घेतलेला असतो.

तपासायला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. वायर सहसा मधोमध जळत नाही, ती टोकाला जळते. स्विचच्या स्क्रूखाली, होल्डरमध्ये, जंक्शन बॉक्समधल्या पिळून टेप मारलेल्या जोडात, फ्यूजच्या खाचेत. स्क्रू थोडा सैल झाला की तिथे रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) वाढतो, जागा गरम होते, गरम-गार होऊन स्क्रू अजून सैल होतो आणि हे वर्षानुवर्षं चालत राहतं. म्हणून तपासणी म्हणजे घरात जिथे जिथे वायर संपते किंवा जोडली जाते ती जागा शोधून बघणं. भिंत फोडायची गरज बहुतेक वेळा लागत नाही.

सुरक्षेचा भाग, कृपया वगळू नका

मेन स्विच बंद केला की घरात करंट नाही असं समजू नका. मीटरकडून मेन स्विचपर्यंत येणारी वायर चालूच असते, तिला हात लावायचा नाही, कधीच नाही. दुसरं म्हणजे इन्व्हर्टर. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली आणि तो आपल्या बॅटरीवरून त्याच पंख्या-बल्बच्या वायरींना २३० व्होल्ट सोडतो, तुम्ही निवांत बोर्ड उघडता आणि शॉक बसतो. त्यामुळे इन्व्हर्टर पुढच्या बटणाने बंद करा, त्याचा प्लग काढा आणि त्याचा बायपास स्विच असेल तर तोही बघा. छतावर सोलर असेल तर त्याचाही वेगळा स्विच असतो, तो बंद करा.

बोर्ड उघडल्यावर हात लावायच्या आधी टेस्टर तीनदा लावायचा. आधी दुसऱ्या एखाद्या चालू पॉइंटला लावून टेस्टर पेटतो ना ते बघा (त्यासाठी शेजाऱ्याकडचं सॉकेट चालेल), मग उघडलेल्या बोर्डातल्या प्रत्येक वायरला, मग परत चालू पॉइंटला. मध्येच टेस्टर बिघडला तर तिसऱ्या वेळी कळतं. पायात कोरडी रबरी चप्पल, चढायला लाकडी स्टूल, लोखंडी शिडी नको, हात ओले नकोत आणि घरात दुसरं मोठं माणूस हवं ज्याला मेन कुठे आहे ते माहीत आहे. हे जमणार नसेल तर खालचा फक्त पहिला भाग करा, तेवढ्यातही निम्म्याहून जास्त गोष्टी कळतात.

काहीही न उघडता काय कळतं

एक कागद घ्या, घराचा ढोबळ नकाशा काढा आणि सगळे बोर्ड मांडा. आता एक-एक फ्यूज किंवा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) बंद करत जा आणि कुठला बल्ब, कुठलं सॉकेट बंद होतं ते लिहा. कंटाळवाणं काम आहे पण सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते. बऱ्याच जुन्या घरांत स्वयंपाकघर, बाथरूमचा गीझर आणि मागच्या खोलीतली इस्त्री हे सगळं एकाच फ्यूजवर निघतं. गीझर २००० वॉट म्हणजे जवळपास ८.७ अँपिअर, त्यात १००० वॉटची इस्त्री आली की १३ अँपिअर, आणि ते ज्या वायरवरून जातंय ती जर बल्बची वायर असेल तर ती तापणारच. सगळे फ्यूज बंद करूनही एखादा पॉइंट चालू राहिला तर तो लाल पेनाने लिहा, म्हणजे कुणीतरी तो थेट मेनवरून किंवा शेजारच्या लाइनवरून घेतलाय.

मग खोल्या फिरा. सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट-तपकिरी डाग, स्विच दाबताना चरचर आवाज, प्लग ढिला बसणं, बोर्डाजवळ मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकचा वास (बेकेलाइट तापलं की असाच वास येतो), फ्रिज किंवा मोटर चालू झाली की बल्ब डोळा मारल्यासारखा मंद होणं, बाथरूममध्ये नळाला किंवा गीझरला हात लागला की मुंग्या येणं. शेवटचं असेल तर पुढचं वाचायच्या आधी गीझरचा स्विच आणि फ्यूज बंद करा आणि वायरमनला फोन करा.

एका खोलीतला बल्ब एकदम प्रखर आणि दुसऱ्या खोलीतला मंद होत असेल तर न्यूट्रल (फेजने आलेला करंट परत नेणारी वायर) सैल झालाय किंवा तुटलाय असं समजा, विशेषतः थ्री फेज कनेक्शन असेल तर. अशा वेळी काही सॉकेटवर ३०० च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं, टीव्ही-फ्रिज जातात. लगेच मेन बंद करायचा. मीटरच्या अलीकडची म्हणजे खांबाकडची बाजू वीज कंपनीची असते, महावितरणचा १९१२ नंबर त्यासाठीच आहे. मीटरनंतरचं सगळं आपलं.

तापमानाची तपासणी सोपी आहे. इस्त्री किंवा गीझर वीस मिनिटं चालू ठेवा, बंद करा, प्लग काढा आणि लगेच हाताची मागची बाजू प्लगला, स्विचच्या पट्टीला आणि फ्यूजच्या झाकणाला टेकवून बघा. हात कोरडा हवा. किंचित कोमट चालतं, हात काढून घ्यावासा वाटला तर आत नक्की जोड खराब आहे. प्लगच्या तीन पिनांपैकी एकच जास्त गरम असेल तर त्याच बाजूचा स्क्रू किंवा सॉकेटची पितळी पट्टी ढिली आहे, इतकं नेमकं सांगता येतं.

मीटरकडे पण जा. घरातलं सगळं बंद करा, प्लग काढा, डोअरबेलचा ट्रान्सफॉर्मर आणि वायफायसुद्धा विसरू नका, पण मेन चालू ठेवा. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा आता थांबायला हवा. काहीच चालू नसताना तो लुकलुकतोय म्हणजे कुठेतरी करंट झिरपतोय किंवा तुमच्या लाइनवर अजून काहीतरी जोडलंय. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक मीटरवर 'ई/एल' असं लिहिलेला दुसरा छोटा दिवा असतो, तो लागला असेल तर फेजने गेलेला करंट पूर्णपणे न्यूट्रलने परत येत नाहीये. कारण गळती असेल, कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र आले असतील किंवा शेजाऱ्याचा न्यूट्रल तुमच्यात मिसळला असेल. चाळीत आणि वाटणी झालेल्या वाड्यात हे शेवटचं फार सापडतं.

वायर कुठल्या जातीची आहे ते ओळखा

भिंतीवर लाकडी पट्टी आणि तिच्यावर पत्र्याच्या छोट्या क्लिपांनी धरलेली काळी चपटी वायर दिसते ती रबरची. त्याहून जुन्या वाड्यांत लाकडी केसिंगच्या खाचेत कापड गुंडाळलेली रबरी वायर असते. रबराचं आयुष्य साधारण २५-३० वर्षं, त्यानंतर ते कडक होतं आणि वाकवलं की तडे जाऊन पडतं. हे तपासायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे छताचा होल्डर आणि सीलिंग रोज (छतावरची वायर जोडायची गोल डबी), कारण तिथे वर्षानुवर्षं ६०-१०० वॉटच्या पिवळ्या बल्बची उष्णता लागलेली असते. मेन बंद करून, टेस्टर लावून, झाकण फिरवून काढा आणि वायर बोटाने हलकेच वाकवा. रबराचे तुकडे हातात आले तर अजून काही तपासायची गरज नाही, त्या वायरवर नवा जोड देऊ नका, ती पूर्णच बदलायची. लाकडी पट्टीला वाळवी लागली असेल तर वायर लोंबकळते आणि भार जोडावर येतो, तेही बघा.

नंतरच्या घरांत पीव्हीसी वायर असते, प्लॅस्टरच्या आत पाइपातून कन्सील केलेली किंवा वरून पट्टीत घातलेली. पीव्हीसी चाळीस वर्षांनंतरही बरेचदा चांगली निघते, फक्त टोकाचा इंच-दोन इंच कडक आणि काळा पडलेला असतो. पाइपात वायर ढिली असेल तर तेवढं टोक कापून ताज्या वायरवर जोड करता येतो.

आता धातू. ६०-७०-८० च्या दशकांत तांबं महाग होतं आणि त्याच्या आयातीवर बंधनं होती म्हणून घराघरांत अ‍ॅल्युमिनियम गेलं. अ‍ॅल्युमिनियम त्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण पाऊण पटच करंट झेपवतं, त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, स्क्रूखाली ते दबत जातं आणि जोड सैल होतो. आणि कुणी अ‍ॅल्युमिनियमला तांब्याची वायर नुसती पिळून टेप मारली असेल तर दमट हवेत तो जोड हमखास गंजून खराब होतो, कोकणात तर फार लवकर. पण वायर रुपेरी दिसली की अ‍ॅल्युमिनियमच असं ठरवू नका. जुन्या रबरी वायरीत तांब्यावर कथलाचा मुलामा द्यायचे, कारण रबरातलं गंधक तांब्याला खातं. मेन बंद असताना ब्लेडने टोक जरा खरवडा, आत तांबूस दिसलं तर तांबं, आत-बाहेर रुपेरीच असेल आणि हाताला मऊ लागत असेल तर अ‍ॅल्युमिनियम.

जाडीबद्दल जुने वायरमन अजून तीन-बावीस, एक-अठरा, सात-वीस अशा भाषेत बोलतात. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, आजच्या हिशोबात १.२ चौरस मिलिमीटरच्या आसपास, बल्ब-पंख्यापुरती. आज साधारण १ किंवा १.५ चौरस मिमी लाइट-पंख्याला, २.५ पॉवर सॉकेटला आणि गीझर-एसीला स्वतंत्र २.५ किंवा ४ ची तांब्याची वायर टाकतात. तुमच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमागे तीन-बावीस निघाली तर त्या सॉकेटवर आजपासून फक्त मोबाइल चार्जर आणि टेबल फॅन.

बोर्ड उघडल्यावर

चार कोपऱ्यांचे स्क्रू काढले की सनमायकाचा किंवा लाकडी बोर्ड पुढे येतो. घाईने ओढू नका, आत वायर तोकडी असते आणि तुटते. आधी मोबाइलने फोटो काढा. गावाकडच्या घरी आत कुंभारमाशीची मातीची घरटी, वाळून स्विचच्या टर्मिनलला चिकटलेली पाल, बोर्डाच्या मागच्या भोकातून आलेली माती हे सगळं निघतं. पाल हा किरकोळ प्रकार समजू नका, ती फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये अडकली की शॉर्ट होतं, म्हणून ते मागचं भोक बुजवायलाच हवं.

बघायचं ते असं. स्क्रूजवळ इन्सुलेशन काळं किंवा वितळलेलं आहे का. पितळ हिरवट पडलंय का, म्हणजे ओल येते. एका स्क्रूखाली तीन-चार वायर कोंबल्यात का. प्रत्येक वायर हलकी ओढून बघा, जी हलते तिचा स्क्रू घट्ट करा. इथे जोर करू नका, जुन्या बेकेलाइटच्या स्विचला जास्त पिळलं की टिचतो. बोर्ड पावसाच्या बाजूच्या भिंतीवर असेल आणि मागचं प्लॅस्टर फुगलेलं असेल तर आधी पाण्याची गळती थांबवा, वायर बदलून उपयोग नाही.

रंगांवर भरवसा ठेवू नका. आपल्याकडे सिंगल फेजला लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ असा रिवाज आहे, पण जुन्या घरात जी गुंडाळी हाताशी होती ती वापरलेली असते. त्यातूनच स्विच न्यूट्रलवर बसवायची चूक होते. बल्ब बंद होतो पण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो, आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो. स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये टेस्टर लख्ख पेटला तर हीच शंका घ्या आणि वायरमनकडून खात्री करून घ्या.

फ्यूज आणि मेन

पांढऱ्या चिनी मातीचे किटकॅट फ्यूज अजून असतील तर मेन बंद करून एकेक काढा. आत काय आहे? पाकिटावर अँपिअर लिहिलेली बारीक फ्यूज वायर, का केबलमधून काढलेली तांब्याची जाड तार? जाड तार असेल तर तिथे फ्यूज नाहीच, लोड वाढला की फ्यूजऐवजी भिंतीतली वायर जळणार. दुसरं, न्यूट्रलवरही फ्यूज आहे का बघा. जुन्या मेन स्विचमध्ये दोन्ही तारांना फ्यूज असायचे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर बंद दिसतं पण प्रत्येक पॉइंटला फेज उभा असतो. हे चालत नाही, न्यूट्रलला फ्यूज नसावाच.

एमसीबी असेल तर त्याचा आकडा वायरशी जुळतोय का बघा. १.५ च्या वायरला ६ किंवा १० अँपिअर, २.५ ला १६, ४ ला २०. एमसीबी सारखा ट्रिप होतो म्हणून १६ काढून ३२ चा बसवलेला मी इतक्या घरांत बघितलाय की हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. एमसीबी वायरला जपतो. आणि माणसाला शॉकपासून एमसीबी वाचवत नाही, त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) लागतो, ज्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. तो असेल तर महिन्यातून एकदा ते बटण दाबा, खटकन पडला पाहिजे. नसेल तर या लेखातली सगळ्यात आधी करून घ्यायची गोष्ट तीच. जुन्या घरात आरसीसीबी बसवल्या बसवल्या पडतो आणि मग लोक तो काढून टाकतात. तो पडतोय म्हणजे गळती आहे किंवा न्यूट्रल मिसळलेत, आणि तेच तर शोधायचंय.

अर्थिंग

बऱ्याच जुन्या घरांत अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. मग मधल्या काळात प्लंबिंग बदललं, प्लॅस्टिकचे पाइप आले आणि अर्थिंग गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. वायर कुठे जाते तिचा माग काढा, थेट खड्ड्यापर्यंत. तिथला नट गंजलाय का, मुंबई-कोकणात हमखास गंजलेला असतो. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावं लागतं.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर सॉकेटवर तीन आकडे घ्या. मीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टवर ठेवा, आणि लाल प्रोब अँपिअरच्या भोकात नाही ना ते दोनदा बघा, तसं करून सॉकेटला लावलं तर थेट शॉर्ट होतं. सॉकेट समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ शून्य ते दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ ९० किंवा १२० असं काहीतरी विचित्र आलं तर अर्थ तुटलाय. न्यूट्रल-अर्थ दहाच्या पुढे गेलं तर न्यूट्रल किंवा अर्थचा जोड खराब आहे.

आणि त्याच लाइनवर इस्त्री चालू करूनही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्यच राहिलं तर संशय घ्या, कारण लोड आला की न्यूट्रलवर थोडं तरी व्होल्टेज चढतं. मेन बंद करून सॉकेट उघडा आणि अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलच्या पिनेला छोटा तुकडा जोडलाय का बघा. अर्थची वायर आलेलीच नसली की काही जण थ्री पिन वापरता यावी म्हणून असं करतात. त्या सॉकेटचा न्यूट्रल कधी सुटला की फ्रिजच्या बॉडीवर सरळ फेज येतो. असा तुकडा दिसला तर काढून टाका, तेवढं सॉकेट बंद ठेवा, उद्यावर ढकलू नका.

याच वेळी इस्त्रीशिवाय आणि इस्त्रीसह फेज-न्यूट्रलचा फरक पण लिहा. पाच टक्के म्हणजे साधारण ११-१२ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर वाटेत वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. खात्रीसाठी दोन-तीनदा करा, आपल्याकडे बाहेरूनच व्होल्टेज वर-खाली होत असतं.

वायरमनकडून काय करून घ्यायचं

मेगरची टेस्ट आपल्या हाताची नाही. ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन मोजतात, त्याआधी सगळे एलईडी बल्ब, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर काढून ठेवावे लागतात, नाहीतर आकडा चुकीचा येतो आणि वस्तू जळतात. १ मेगओहमच्या खाली आलं तर ते सर्किट शोधून दुरुस्त करायचं. शक्य असेल तर ही टेस्ट जुलै-ऑगस्टमध्ये करा, मे महिन्यात सुक्या भिंतीत पास होणारी वायर पावसात नापास होते. आकडे तोंडी नको, कागदावर लिहून घ्या. आणि माणूस परवाना असलेला बघा, कारण पुढे मंजूर भार वाढवायचा झाला (तुमच्या वीजबिलावर तो लिहिलेला असतो) तर परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच.

सगळं घर एकदम रिवायर करायला पैसे नसतील तर माझ्या मते क्रम असा ठेवा. आधी अर्थिंग आणि आरसीसीबीसह नवा मेन बोर्ड, जुन्या वायरला झेपतील एवढ्याच आकड्यांचे एमसीबी लावून. मग मीटरपासून घरापर्यंतची केबल, फ्लॅटमध्ये ती बहुतेक जुनी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि लोक ती विसरतात. मग गीझर, एसी आणि स्वयंपाकघराला थेट मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन. बल्ब-पंख्यांची पीव्हीसी वायर मेगरमध्ये पास असेल तर ती राहू द्या, तिच्यावरचा जड लोड निघून गेलेला असतो. रबरी वायर मात्र या क्रमात थांबायची नाही, ती पहिल्याच फेरीत काढा.

नवी वायर आयएसआय मार्कची घ्या, शक्यतो एफआरएलएस (आग लवकर न धरणारी, कमी धूर करणारी), आणि अर्थची हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत नेताय ना ते उभं राहून बघा, कारण दिसत नाही म्हणून तीच गाळली जाते. प्लॅस्टर भरायच्या आधी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी लावून फोटो काढा, छतापासून आणि कोपऱ्यापासून पाइप किती इंचावर आहे ते दिसेल असे, म्हणजे पुढे कुणी खिळा ठोकताना वायरीत घालणार नाही, आणि मेन बोर्डाच्या झाकणाच्या आत सर्किटांची यादी चिकटवा.